आंगावरचं दूध

दुधातलं मले कोनी शिकवू नये, असं माहं मत होतं. बत्तीस वर्षं झाली, या घरात धार काढून राह्यली. म्हशीच्या कासेले नुसता हात लावला त सांगते, आज अडीच लिटर देईन का तीन. गावात कोनाची म्हैस लात मारत असन, पान्हा चोरत असन, त मानूस पयले आमच्या दारात येते. मैनाबाईले बोलवा म्हनते. अन् अशा बाईले गावातली आशा सेविका बिल्कीस, माह्या डोळ्यादेखत शेंबडी पोट्टी होती ती, आंगनवाडीत चार बायांसमोर विचारते, "काकू, या लेकराच्या पोटात दूध जाते का नाई?"

मले असा राग आला!

"जाते का नाई म्हंजे? तुह्या काट्यातच खोट असन. पाय, कशी टुकूटुकू पाहून राह्यली माही नात."

रेणू झोळीत लटकून खरंच टुकूटुकू पाहून राह्यली होती. तीन महिन्याची. बिल्कीसनं तिले काढून माह्या पदरात देलं, रिकामी झोळी टांगून काट्याची सुई शून्यावर दाखवली, अन् रेणूले परत टाकलं. चार किलो साडेतीनशे. महिन्याभरापयले चार किलो दोनशे होती. पुऱ्या महिन्यात दीडशे ग्राम!

"काय पाजता?" बिल्कीसनं विचारलं.

माही सून पौर्णिमा बाजूलेच उभी होती. ती खाली पाहाले लागली. म्हून मीच सांगतलं, "दूध. आमच्या घरच्या म्हशीचं. उकळून, अर्धं पानी टाकून. निस्तं पचत नाई तिले, पातळ होते."

"अन् आंगावरचं?"

"हिच्या आंगावर हाये कुठं? आटलं. आता काय करता बाप्पा, एकेकीच्या आंगातच नसते."

पौर्णिमाचे कान लाल झाले. तथी बसलेल्या बाया आपापली लेकरं पाजता पाजता तिच्याकडे पाहाले लागल्या. तवा मले त्यात काई वावगं वाटलं नाई. खरं तेच सांगतलं, असं वाटलं.

बिल्कीसनं कार्डावर लिहिलं अन् म्हनली, "पंधरा दिवसानं परत तोलू. नाई वाढली त अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात न्या लागन, भरती करतीन. अन् काकू, सहा महिन्यालोक लेकराले आंगावरचंच पाह्यजे. आटलेलं बी परत येते."

"परत येते? नळ हाये काय तो, बंद केला अन् सोडला?"

बिल्कीस हसली नाई. पौर्णिमाकडे पाहून म्हनली, "येते वो ताई. मी सांगते ना."

आता पौर्णिमाचं सांगते. वरूडच्या रोडवर, आमच्या गावापासून दीड किलोमीटरवर, संत्र्याचं पॅकिंगचं शेड हाये. मृग बहाराचा माल निंगाला का तथी ट्रॅक्टरच्या मांगं ट्रॅक्टर लागते. मशीनवरून संत्रं लोळत येते अन् दोन्ही आंगानं बाया उभ्या राहून दागी, फुटकं अन् बारकी चुरी वेगळी काढतात. पौर्णिमा त्यातली एक नंबर. तिचे हात चालले का नुसतं पाहात राहावं. बाळंतपनात तिचा एक हंगाम गेला होता. मशीनवरची जागा एकदा सोडली का दुसरी बाई उभी राहते, मंग पाय धरले तरी भेटत नाई. म्हून रेणू दोन महिन्याची झाली तशी मीच तिले म्हनलं, "जाय तू. मी हाये ना लेकराले."

पयला आठवडा ती संध्याकाळी घरी ये त तिचा ब्लाऊज वल्ला राहे अन् छाती दगडासारखी टनक. आल्या आल्या लेकराले घ्याले धावे. पन मी रेणूले म्हशीचं पोटभर पाजून झोपवलेलं. "झोपलेल्या लेकराले उठवू नये," असं मी म्हनो. मंग पौर्णिमा न्हानीत जाऊन, दात दाबून, थोडंसं पिळून टाके. दहा-बारा दिवसात छाती नरम पडली. ब्लाऊज कोरडा राहाले लागला. तवा मी तिले काय म्हनलं असन? "पाय, पडला ना आराम तुह्या जिवाले!" आता आठवलं का माही मलेच शरम वाटते.

पन तवा कुठची शरम? बिल्कीसनं पंधरा दिवसाची मुदत देली तशी मी पदर खोचून कामाले लागली. दूध आनाचं होतं ना, मंग मी आनून दाखवते का नाई पाय! सकाळी अळीवाची खीर, त्यावर मेथीचा लाडू. दुपारच्या डब्यात बाजरीची भाकर अन् लसनाची चटनी. संध्याकाळी दुधात शतावरी, जेवनात शेपूची भाजी. दृष्ट काढली, मीठ-मोहऱ्या चुलीत टाकल्या, त्या तडतडल्या तशा मी गल्लीतल्या तीन बायांची नावं घेऊन मोकळी झाली. म्हशीले आमी सरकीची ढेप घालतो, त्यानं दूध वाढते. हिले बी थोडी सरकी शिजवून द्यावी काय, असं बी माह्या मनात येऊन गेलं, देवाशप्पथ.

अन् पौर्णिमा लेकराले छातीशी लावून बसली का मी डोक्शावर उभीच. "आलं काय?" जरा वेळानं परत, "आता आलं काय?" रेणू दोन घोट वढे, तोंड फिरवे अन् चिरकाले लागे. तिले बाटलीची सवय. बाटलीतून घळघळ येते, मंग मेहनत कोन करीन? मी म्हनो, "दे इकडे, उपाशी नको मारू लेकराले," अन् बाटली तोंडात देऊन टाको.

चौथ्या दिवशी पौर्णिमाचं पोट बिघडलं. लाडवाची ताटली तिनं तशीच परत ठेवली. "आई, मले नाई जात आता," म्हनली अन् डबा घेऊन शेडवर निंगून गेली. मले वाटलं, इतकं केलं तरी हिले किंमत नाई.

त्या दिवशी दिवस बुडाच्या आधी मी ओसरीत रेणूले मांडीवर घेऊन बाटली पाजत बसली होती. आमचे हे, म्हंजे खुशालराव, गोठ्यातून आले. हातात बकेट, अन् बकेट रिकामी. आमच्या दोन म्हशी. त्यातली कजली गाभन, दीड महिन्यानं जनन अशी.

"कजलीचं नाई काढलं?" मी विचारलं.

"आटवून राह्यलो तिले."

"हा, ते बी हाये म्हना."

मले वाटलं विषय संपला. आमचा बुढा तसाई कमी बोलते, दिवसाकाठी पंधरा-वीस शब्द झाले का त्याचा कोटा खतम. पन आज बकेट पालथी घालून तो तथीच उभा राह्यला. हातात दावं होतं, त्याची गाठ सोडे अन् परत बांधे. माह्याकडे पाहे नाई.

"परवापासून संध्याकाळचं सोडलं," ते म्हनले. "आता सकाळचं बी एक दिवसाआड करीन. काढलं नाई का तिच्या आंगाले समजते, आता हे दूध कोनाले पाह्यजे नाई. मंग आंग बनवतच नाई."

हे मले कायले सांगून राह्यले? माह्या हातानं मी किती म्हशी आटवल्या! मी म्हनलं, "बरं मंग?"

"पयले चार दिवस कास तटतटते. म्हैस वरडते. आपन ध्यान देत नाई. मंग नरम पडते, आपन म्हनतो बरं झालं. पंधरा दिवसात कोरडी."

रेणू बाटली चोखून राह्यली होती.

"मी म्हशीचं बोलून राह्यलो," ते म्हनले. दावं खुंटीले अडकवलं, चप्पल घातली अन् बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

माहा हात थांबला. बाटली रेणूच्या तोंडातून निंगाली अन् तिच्या गळ्यावर दूध सांडलं. चार दिवस तटतटली. मंग नरम पडली. मी म्हनलं, आराम पडला. अवं माय! म्हैस आटवाची त मी पान्ह्याच्या येळेले पारडू दूर बांधते, धार सोडते, ढेप कमी करते. इथी मी एका हातानं लाडू चारून राह्यली अन् दुसऱ्या हातानं पारडूच दूर बांधून राह्यली! साऱ्या गावाच्या म्हशीचं मले समजते अन् घरच्या सुनेचं नाई समजलं.

मी रेणूले खांद्यावर टाकलं अन् ओट्यावर गेली. "तुमाले कवापासून समजलं हे?"

"झाले पंधरा-वीस दिवस."

"मंग तोंड शिवलं होतं काय तुमचं?"

ते इतके अवघडले का मले त्यांची दया आली. "लेक असती त बोललो असतो," म्हनले. "सुनेचं कसं बोलू वं? मी गडी मानूस. चांगलं दिसते काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बिल्कीसच्या दारात जाऊन उभी राह्यली. नाक मुठीत धरून गेली म्हना ना. म्हनलं, "बाई, चूक माही हाये. सांग आता काय कराचं." ती मले हसन, चार गोष्टी ऐकवन, असं वाटलं होतं. तिनं मले बाजेवर बसवलं, चहा देला अन् सांगाले लागली. लेकराले दोन-अडीच घंट्यानं आंगावर लावाचं, दोन्ही आंगानं, दूध असो का नसो. लेकरू वढन तेवढं बनन. बाटली फेकून द्याची. वरचं एकदम बंद नाई कराचं, पन पयले आंगावर, मंग उरलेली भूक वाटी-चमच्यानं. ते बी बिनपान्याचं, उकळलेलं, अन् रोज थोडं थोडं कमी. दिवसाचे सहा-सात लंगोट वल्ले झाले पाह्यजे, ते मोजाचे. जेवन पोटभर, पन लाडवानं काई होत नाई.

"लाडवानं काईच नाई?" मी विचारलं. माहा डिंक, अळीव, सारं डोळ्यापुढं आलं.

"ताकद येते काकू. दूध वढल्यानं येते."

"ते त मले म्हाईत हाये," मी म्हनलं, अन् दोघी बी हसल्या.

आता पौर्णिमा दिवसभर शेडवर. दोन-अडीच घंट्यानं लेकरू लावाचं कसं? काढलेलं दूध वाटीत झाकून घरी ठेवता येते, असं बी बिल्कीस म्हनली, पन मले ते पटेना. आंगावरचं दूध भांड्यात काढलं अन् त्याले मुंगी लागली त बाई कोरडी पडते, असं आमच्यात मानतात. बिल्कीस म्हनली, मंग लेकरूच घेऊन जा. मी रेणूच्या डोक्शाले दुपट्टा बांधला, थैलीत लंगोट, वाटी, चमचा घेतला, अन् निंगाली शेडवर.

शेडचा मुकादम शालिकराम गेटवरच आडवा आला. "काकू, अथी लेकरू नाई चालत. मशीन हाये, गाड्या हायेत. मालक मले बोलते."

"शालिकराम, तू कुठं वाढला रे?" मी विचारलं.

"आं?"

"तुही माय संत्रं तोडाले ये तवा तू झाडाखाली टोपल्यात राहे. मी पाह्यलं. दर घंट्याले ये अन् तुले पाजे. तवाच्या मालकानं काई म्हनलं नाई म्हून तू आज मुकादम झाला. सांग तुह्या मालकाले, मैनाबाईले विचारा म्हना."

आजूबाजूच्या बाया फिदीफिदी हसाले लागल्या. शालिकरामनं टोपी काढून डोकं खाजवलं. "कामात खाडा नाई पडला पाह्यजे," एवढंच म्हनला. बायांनी कोपऱ्यात रिकाम्या कॅरेटची मानसाच्या छातीइतकी भिंत रचली, तिच्यावर हिरवी नेट टाकली, अन् झाली पौर्णिमाची खोली.

तथी गेल्यावर मले अजून एक गोष्ट समजली. तथी बायांले संडास नव्हता. बगिच्यात मानसं फिरतात, म्हून बाया सकाळपासून पानीच पीत नव्हत्या. पौर्णिमा घरून भरून नेलेली बाटली संध्याकाळी भरलेलीच आने अन् मोरीत वतून टाके. तिनं मले कवा सांगतलं नाई अन् मी कवा विचारलं नाई. चौकीदाराच्या खोलीमांगं एक संडास होता, त्याले कुलूप. मी शालिकरामकडे नुसतं पाह्यलं. त्यानं खिशातून चावी काढून देली. गप देली, बिचाऱ्यानं.

इतकं केलं म्हून दूध आलं असं समजू नका. पयले तीन दिवस नरक! रेणू कमान करून मांगं पडे, हाताच्या मुठी मारे, वरडून वरडून निळी होये. मशीनच्या आवाजावर तिचा आवाज जाये. पौर्णिमा घामानं वल्ली. तिसऱ्या दिवशी मी कॅरेटच्या बाजूनं डोकावून म्हनलं, "आलं काय?" अन् ती माह्यावर अशी कडाडली!

"नाई आलं! तुमीच तिले बाटली लावली, तुमीच मले कोरडी म्हनलं, साऱ्या गावासमोर! आता कायले विचारता?"

मशीनवरच्या बाया वळून पाहाले लागल्या. लग्नाले तीन वर्षं झाली, पौर्णिमानं मले कवा उलट उत्तर देलं नव्हतं. माह्या तोंडात दहा शिव्या आल्या. सांगते खरं, आल्या. पन मी त्या गिळल्या. कारन मले आठवलं, की धार काढताना गोठ्यात कोनी मोठ्यानं बोललं, परका मानूस डोक्शावर येऊन उभा राह्यला, त कजली पान्हा सोडत नाई. मी स्वतः सगळ्यायले हाकलून लावते. अन् इथी तो परका मानूस मीच होती.

मी तथून उठली अन् लांब, लिंबाच्या झाडाखाली जाऊन बसली. तोंड बंद ठेवून. तीन कडू मेथीचे लाडू गिळन्यापेक्षा कठीन काम होतं ते मले.

चौथ्या दिवशी माहा लेक किशोर अमरावतीवरून पावडरचा डबा घेऊन आला. तो पिकअप चालवते, संत्र्याचा माल बडनेऱ्याच्या स्टेशनवर पोचवते. डबा पौर्णिमाच्या हातात देला अन् म्हनला, "बस झालं आता. तू बी रडते, ते बी रडते. हे पाज."

डब्यावर गुटगुटीत लेकराचं चित्र होतं. पौर्णिमानं डबा उलटा-सुलटा करून पाह्यला. खरं सांगते, माह्या मनात आलं का फोडावा. आमी सगळे थकलो होतो. पन तिनं तो फळीवर ठेवला. "राहू द्या," म्हनली. "वजन नाई वाढलं, डॉक्टरनं सांगतलं, त त्याच दिवशी फोडीन. तवापर्यंत मी पाहाते माहं."

किशोर माह्याकडे पाहाले लागला. मी म्हनलं, "तिच्या आंगाचं तिले ठरवू दे." तिनं माह्याकडे असं पाह्यलं, जशी मले पयल्यांदा पाहून राह्यली.

त्या संध्याकाळी भाजी निवडता निवडता मी तिले धीर द्याले माही गोष्ट सांगतली. म्हनलं, "तुह्यात त हाये वं. माह्यात त काईच नव्हतं. किशोर अडीच महिन्याचा होता तवा कापसाची सीतादई झाली." सीतादई म्हंजे पयल्या वेचनीची पूजा, दही-भात घेऊन वावरात कराची. "पूजा झाली अन् दुसऱ्या दिवशीपासून मी वेचाले. माही सासू घरी किशोरले पाहे, म्हशीचं पाजे. दिवाळीलोक माहं सारं गेलं. सासू म्हने, हे कोरड्या आंगाची हाये. तवापासून मी पाह्यलं का कोनी बाई लेकराले पाजून राह्यली, का मी तथून उठून जाओ. पन झालाच ना किशोर मोठा? तू कायले घाबरते?"

पौर्णिमाच्या हातातली मेथीची जुडी तशीच राह्यली. ती माह्याकडे पाहात होती. "किती दिवस असं वाटत राह्यलं तुमाले?" तिनं विचारलं.

"वाटाचं काय त्यात? होतीच मी तशी."

ती परत मेथी निवडाले लागली.

मंग हळूहळू पलटलं. कोनत्या दिवशी ते सांगता नाई येत. सहाव्या दिवशी रेणूनं पाच मिनिटं तोंड सोडलं नाई. सातव्या दिवशी दोरीवर पाच लंगोट, आठव्या दिवशी सहा. मी येता-जाता दोरीवरचे लंगोट मोजो. आमचे हे बी मोजत, पन मोजतात असं दाखवत नसत. गोठ्यातून येताना दोरीखालून वाकून जात अन् ओसरीत येऊन नुसतं म्हनत, "आज बरी हवा हाये." चमच्याचं दूध चार वाट्यावरून दोनवर आलं, मंग एकवर. रात्री बी पौर्णिमानं लेकराले उशाशीच घेतलं. मी दोघींचं पांघरून सारखं करून देओ अन् निंगून जाओ, काई न विचारता. शेडवर दिवसातून तीन खेपा होत होत्या माह्या. टाचा फुटल्या, पन जीव असा हलका झाला होता का चालताना मी गानं म्हनो, अन् मले गानं येत नाई, हे साऱ्या गावाले म्हाईत हाये.

बिल्कीसच्या मुदतीच्या पंधराव्या दिवशी आंगनवाडीत वजन होतं. नेमकं त्याच दिवशी शेडवर दोन ट्रक भराचे होते. पौर्णिमा म्हनली, "आई, तुमीच न्या. मले इथी येऊन सांगा." तिचे ओठ कोरडे पडले होते. मी म्हनलं, "काई चिंता करू नको," पन मलेच रात्रभर झोप नव्हती.

आंगनवाडीत लसीकरन बी त्याच दिवशी, म्हून बायांची ही गर्दी. आमचा नंबर येईलोक अकरा वाजून गेले. रेणू भुकेनं माह्या खांद्यावर तोंड घासाले लागली. बिल्कीसनं तिले झोळीत ठेवलं. सुई हालली, थरथरली. मी डोळे बंद केले.

"काकू, डोळे उघडा. चार किलो सहाशे साठ."

"किती?"

"तीनशे दहा ग्राम वाढली. पंधरा दिवसात."

मी बिल्कीसच्या चेहऱ्यावरून हात फिरवले अन् माह्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. तथी ज्या बाया मांगच्या येळेले बसल्या होत्या त्यातल्या चौघी-पाच जनी होत्याच. त्यायच्याकडे तोंड करून मी मोठ्यानं म्हनलं, "माह्या सुनेच्या आंगात दूध होतं. मीच आटवलं होतं. ऐकलं का सगळ्यायनं? मी आटवलं होतं." एक बुढी म्हनली, "बरं बाई, ऐकलं." बिल्कीस कार्डावर लिहीत होती, तिनं वर पाह्यलं नाई, पन तिच्या गालावर हसू होतं.

अन् मी निंगाली. ऊन असं का डांबर मऊ पडलं होतं. रेणूनं अर्ध्या रस्त्यात जे भोंगा पसरला, तो थांबेच नाई. मी तिले सांगत होती, "अवं आलीच तुही माय, चार किलो सहाशे साठ, चार किलो सहाशे साठ," अन् भराभर चालत होती.

शेडवर पोचली तवा मशीन बंद होती, पट्टा बदलून राह्यले होते. सगळी शांतता. ट्रकवाले, व्यापारी, हमाल, सारे उभे. रेणूचा आवाज गेटातून आत गेला, अन् आतून पौर्णिमा धावत आली. तिच्या ब्लाऊजवर दोन्ही आंगानं वल्लं झालं होतं, पदरातून दिसत होतं, अन् वाढतच होतं. दहा मानसं पाहून राह्यली होती. दुसरी येळ असती त ती जमिनीत गेली असती. पन तिनं पदर बी सावरला नाई.

"अवं पौर्णिमा, चार किलो—"

"मंग सांगा आई, पयले द्या तिले!" ती माह्यावर खेकसली, रेणूले माह्या हातातून वढलं अन् कॅरेटच्या मांगं गेली.

मी एक कॅरेट पालथं घालून बाहेर बसली. आतून गटगट घुटके ऐकू येत होते. रेणूले ठसका लागला, ती खोकली, परत लागली. इतकं दूध होतं तिले. मी गप बसली होती अन् माह्या तोंडात ते चार किलो सहाशे साठ तसंच होतं.

जरा वेळानं आतून आवाज आला. "आई, आता सांगा. किती भरली?"

"चार किलो सहाशे साठ."

पौर्णिमा रडली का हसली, समजलं नाई. नाक वढल्याचा आवाज आला.

"आई."

"काय वं?"

"तुमी तुमच्या लेकाले अडीच महिन्याचं घरी ठेवून वेचाले गेल्या होत्या ना?"

"हो. सांगतलं ना तुले."

"अन् दिवसभर तुमच्या सासू म्हशीचं पाजत होत्या. तुमी सांजच्या घरी आल्या का तुमचं बी भरून येत असन."

"येत होतं ना. पयले पयले त इतकं दुखे का—"

मी तथीच थांबली.

"मंग तुमी बी कोरड्या नव्हत्या आई," पौर्णिमा म्हनली. "तुमच्यात बी होतं."

एकतीस वर्षं. किती बारशातून मी उठून गेली. कोनी लेकराले छातीशी धरलं का मी कशी नजर चोरली. अन् इतक्या म्हशी आटवून बी, या हातानं आटवून बी, मले हे कवा सुचलं नाई. माह्या छातीत असं भरून आलं का मी पदर तोंडात धरला.

शालिकराम हातात पाना घेऊन जात होता. तो थबकला. "काय झालं काकू? रडून काहून राह्यल्या? लेकराचं वजन नाई वाढलं काय?"

"वाढलं ना," मी म्हनलं. "जाय तू, मशीन सुरू कर. अन् जरा हळू बोल, पोट्टी पिऊन राह्यली."